मेणाचा पाय आणि नाक तुटलेली माउली

पनवेलहून उरणला एसटी जाते, अलिबागलाही जाते. तेव्हा सायकलने जाण्याचं तसं काही कारण नाही, आणि सायकलच्या कॅरिअरवर मांडीपासून बोटांपर्यंतचा अख्खा पाय बांधून जाण्याचं तर मुळीच नाही. तरीही मी आणि माझी नणंद, अशा दोघी तशा गेलो. परत आल्यापासून आळीत जो तो विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. समुद्राकडची जुनी चर्च ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर पाहावीत. फक्त पाय न्यायचा असेल तर मे महिना टाळावा.

पनवेल

सुरुवात सासूबाईंच्या डोळ्यांपासून झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ताटात कुठली भाजी आहे ते त्या वासावरून सांगायच्या आणि समोर कोण उभं आहे ते हात चाचपून. कानही जड झालेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता थांबलात तर पुढे काही करता येणार नाही, आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली. सासूबाई म्हणाल्या, "मी येणार नाही."

"का हो आई?"

"माउलीचा नवस फेडायचा राहिलाय. तिचा पाय दिला नाही आणि आता डोळे मागायला जाऊ? कुठल्या तोंडाने?"

माउली म्हणजे चर्चमधली. माझे सासरे मीठ खात्यात होते, त्यामुळे संसार सगळा खाडीकाठच्या मिठागरांतून फिरला. कुसुमवन्सं लहान असताना त्यांना मोठा ताप आला आणि डावा पाय वाळायला लागला. औषधं झाली, अंगारे झाले. शेवटी शेजारणीने सासूबाईंना जवळच्या जुन्या चर्चमध्ये नेलं. तिथे त्यांनी नवस बोलला, की पोर उभी राहिली तर स्वतःच्या पायांनी येऊन तुला मेणाचा पाय वाहील. वन्सं उभ्या राहिल्या, चालायलाही लागल्या, पण पाय ओढत. तेवढ्यात सासऱ्यांची बदली झाली आणि नवस मागे राहिला.

या नवसावरून मायलेकींचं भांडण माझ्या लग्नाआधीपासूनचं आहे. सासूबाईंचं म्हणणं, नवस फेडला नाही म्हणून तेवढं लंगडणं उरलं, फेडला की जाईल. वन्संचं म्हणणं, माउलीने काम अर्धंच केलं, तर पायही गुडघ्यापर्यंतच न्यावा.

कुसुमवन्सं पन्नाशीला आल्या आहेत. लग्न केलं नाही. पलीकडच्या आळीत एका खोलीत राहतात, शिवणकाम करतात आणि भाजीच्या जुडीसाठीसुद्धा सायकलवरून जातात. त्यांना सायकलची हौस आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सायकलवर बसल्या की त्या लंगडत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मलाही सायकल त्यांनीच शिकवली, तीही दोन मुलं झाल्यावर, बल्लाळेश्वराच्या तळ्याकाठी, सगळं पनवेल हसत असताना.

तर आता नवस फेडायचा ठरला. अडचण एकच होती. चर्च कुठलं ते सासूबाईंना आठवत नव्हतं.

"दारात चिंच होती," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताला विहीर. समोर पाणी. आणि माउलीचं नाक जरासं तुटलेलं."

"गाव कुठलं?"

"गाव यांना ठाऊक."

हे, म्हणजे सासरे, जाऊन खूप वर्षं झाली होती. मिठागरांची गावं उरणपासून रेवदंड्यापर्यंत पसरलेली. आमच्या घरातले हे म्हणाले, जीप करू आणि एका दिवसात सगळी चर्च उरकू. त्यावर सासूबाई उठून बसल्या. "जीप नाही. स्वतःच्या पायांनी असं बोललेय मी."

"आई, तिकडे रेवदंड्यापर्यंत ती चालत जाईल का?"

सासूबाईंनी विचार केला. "सायकलचं पायडल कशाने मारतात?"

"पायाने."

"मग ते पायीच."

असा निकाल लागला. ह्यांना पाय आणायला वांद्र्याला पाठवलं. तिथे चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, घरं सगळं मिळतं. बोटभर लांबीचा पाय बघून हे तोच घेणार होते, पण निघताना सासूबाईंनी बजावलं होतं की पोरगी वाढली तसा पायही वाढला, तेव्हा मापाचा आण. वन्संच्या पायाच्या मापाची सुतळीच बरोबर दिली होती. दुकानदाराने असा पाय जन्मात केला नव्हता. त्याने दोन दिवस घेतले आणि पाय मात्र देखणा केला. वन्संनी तो आपल्या डाव्या पायाशेजारी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हाच मला दिला असता तर बरं झालं असतं."

वन्संनी आम्हा दोघींना पडद्याच्या उरलेल्या कापडाचे पंजाबी ड्रेस शिवले. आयुष्यात पहिल्यांदाच घातले. दोघींच्या पोटावर मोठी जास्वंदी फुलं होती. पाय ओल्या गोणपाटात गुंडाळून वन्संच्या कॅरिअरवर आडवा बांधला. पावलापर्यंत गोणपाट पुरलं नाही, त्यामुळे पाची बोटं बाहेर राहिली. गुरुवारी पहाटे निघालो तेव्हा सासूबाई दारात येऊन नमस्कार करत होत्या, भलत्याच दिशेला तोंड करून.

जासई

न्हावा-शेव्याचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं. पूर्वी ज्या रस्त्यावर बैलगाडीला बाजू द्यायची त्या रस्त्यावर आता घराएवढे डबे लादलेले ट्रेलर धावत होते. दोन्ही बाजूंना मिठागरं, मधे भरावाची लाल माती, आणि प्रत्येक ट्रेलरमागे त्या मातीचा लोट. ट्रेलरवाले आम्हाला ओलांडून जायचे आणि मग पुढे गाडी हळू करून मागे वळून बघायचे. जास्वंदीच्या फुलांमुळे बघतात असं मला वाटत होतं.

जासईच्या नाक्यावर हवालदाराने हात केला.

"ओ ताई, थांबा. हा पाय कुणाचा?"

"माझा," वन्सं म्हणाल्या.

हवालदाराने वन्संचे दोन्ही पाय पाहिले. मग कॅरिअरवरचा पाहिला. "म्हणजे तुमच्याकडे तीन झाले."

"अडीच."

मी पुढे होऊन सगळी हकीकत सांगितली. त्याने अंगठ्याला नख लावून पाहिलं. मेण निघालं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. मग त्याने टोपी काढून पायाला नमस्कार केला, टपरीवरून आमच्यासाठी चहा मागवला आणि जरा बाजूला घेऊन मला हळूच म्हणाला, "माउलीला माझ्या बदलीचं पण सांगाल का? पोरं सगळी कराडला आहेत."

"सांगते की. नाव काय तुमचं?"

"नाव नको. नुसतं जासईचा हवालदार म्हणा. कळेल."

चहा होईपर्यंत ऊन चढलं होतं. परत निघालो तेव्हा मी मागून येत होते. थोड्या वेळाने बघते तर पाय गुडघ्यात वाकायला लागलेला. उरणच्या अलीकडे पोहोचेपर्यंत तो चांगला काटकोनात वाकला होता आणि कॅरिअरवर कोणी एका पायाची बाई बसल्यासारखं दिसत होतं. वाटेतल्या एका आजोबांनी तर "बाय, पाय जरा आत घे, चाकात जाईल" असं तिला ओरडून सांगितलंसुद्धा.

चिंचेचं चर्च

उरणजवळच्या त्या गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं ते वाचून तिथल्या फादरना वाईट वाटायचं. चर्च लहानसं, पांढरं, कौलारू, आणि भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. पोर्तुगीजांच्या वेळचं आहे म्हणतात. दारात खरंच चिंच होती आणि डाव्या हाताला विहीर होती. वन्सं सायकलवरून उतरल्या, दोन पावलं पाय ओढत गेल्या आणि चिंचेला हात लावून उभ्या राहिल्या.

चर्चची झाडलोट करणाऱ्या रोझीमावशी बाहेर आल्या. आम्ही चपला काढत होतो.

"र्‍हाऊ द्या गो चपला, काटं हायत," त्या म्हणाल्या. "अशाच या आत."

देवाच्या दारात चपला घालून जायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा आला. मी तशीच अनवाणी गेले आणि खरा काटा भरून घेतला. आत मात्र गारवा होता आणि बसायला बाकं. आपल्याकडे देवापुढे रांगेत उभं राहून पाय मोडतात. वन्संनी बाकावर बसकण मारली आणि म्हणाल्या, "या देवाला पायांची कदर आहे."

मी पुढे जाऊन माउलीचं नाक बघितलं. छान, सरळ, कुठेही तुटलेलं नाही.

"मावशी, नाक तुटलेलं नव्हतं का?"

"व्हतं ना. तुटलेलाच व्हता. मागं रंगवाला आला, त्यानं बसवला."

"आणि समोर पाणी?"

"व्हतं. आता भराव घातलाय."

म्हणजे चारही खुणा पटल्या. एवढं सोपं निघालं म्हणून मला भरूनच आलं. पण वन्सं शिवणकाम करणाऱ्या, माप जुळल्यावरही एकदा उसवून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, "मावशी, माउलीच्या हातात पोपट होता ना?"

"व्हता ना, हिरवा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशींकडे पाहिलं. मावशी हसायला लागल्या.

"तुमी येवढ्या उनातानात आल्याव, वाकडा पाय घेऊन. तुमाला नाय कसं म्हनू?"

हा आपल्याकडचा स्वभावच. पत्ता विचारणाऱ्याला माहीत नाही म्हणून परत पाठवायचं जिवावर येतं, मग त्याला भलत्याच गल्लीत का होईना, पण पोचवतात. पुढे तीन दिवस आम्हाला कोणीही 'नाही' म्हणालं नाही.

पेच पडला. पाय इथेच ठेवावा आणि खरं चर्च पुढे असलं तर? पुढे न्यावा आणि खरं हेच असलं तर? तोडगा मावशींनीच काढला. "थोडा ठेवा, थोडा न्या. वरचा भाग द्या, त्यात मेन जास्त. मेनबत्त्या बऱ्या होतील."

त्यांनी विळी आणली. मावशींनी विळी पायाखाली दाबली, मी पाऊल धरलं, वन्संनी मांडी धरली आणि आम्ही तिघींनी मिळून, दुधी भोपळा चिरतात तसा, तो पाय गुडघ्याच्या वरून चिरला. वन्सं म्हणाल्या, "हळू, दुखतंय." मावशींनी दचकून विळी सोडली आणि मग आम्ही इतक्या हसलो की चर्चमध्ये हसू नये हे आठवायलाही वेळ लागला.

मांडी माउलीपुढे ठेवली. आणलेला नारळ बाहेर पायरीवर फोडला. मावशींनी अर्ध्या खोबऱ्याची सुक्या जवळ्याबरोबर चटणी वाटली आणि तांदळाची भाकरी केली. रात्री त्यांच्याच ओसरीवर झोपलो. मी झोपण्याआधी माउलीला हवालदाराचं सांगून आले.

करंजा ते रेवस

करंज्याहून रेवसला लाँच जाते. सायकली दोघी मिळून आत चढवल्या. उरलेला पाय आता गुडघ्यापासून खाली, वाकलेला आणि ऊन लागून घामेजल्यासारखा झाला होता. शेजारी बसलेल्या कोळणीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"इतळतंय गो ते. दे इकडं."

आम्ही काही म्हणायच्या आत तिने गोणपाट सोडलं आणि पाय आपल्या पाटीत, बर्फावर, पापलेटांच्या मधे नीट निजवला. वरून मूठभर बर्फ टाकला. वन्संना ती म्हणाली, "आता रेवसपर्यंत काय व्हायाचं नाय."

लाँच खाडीच्या मध्यावर आल्यावर वारा सुटला. मागे द्रोणागिरीचा डोंगर, पुढे रेवसची झाडी, मधे ते हिरवट पाणी. मी फार खूष होते. तेवढ्यात एक गृहस्थ पाटीपाशी वाकले, बर्फ बाजूला सारून त्यांनी विचारलं, "ही मोठी कशी दिली?" आणि मग त्यांच्या हाताला पाची बोटं लागली. ते रेवस येईपर्यंत लाँचच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले.

पाय ताठ झाला, पण त्याला मासळीचा जो वास लागला तो काही केल्या जाईना. अलिबागला माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. ती देशावरची, कट्टर शाकाहारी. तिने आम्हाला आत घेतलं आणि पायाला बाहेर तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवायला लावलं. सकाळी बघतो तर दोन मांजरं त्याला टेकून झोपली होती.

रेवदंडा

रेवदंड्याच्या किल्ल्यात आता किल्ला कमी आणि नारळी-पोफळी जास्त आहेत. तट ओलांडून आत शिरलं की वाड्या सुरू होतात, आणि एखाद्या वाडीत पाणी जात असलेल्या पाटाकाठी अचानक चर्चची भिंत उभी दिसते. छप्पर नाही. जिथे लोक गुडघे टेकत असतील तिथे माड उभे आहेत. एक उंच मनोरा अजून शिल्लक आहे, त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून आभाळ दिसतं. इतकी शांत जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

वाडीचे मालक शहाळी घेऊन आले. केस पिकलेले, अंगात बंडी, हातात कोयता.

"आजोबा, इथे दारात चिंच होती का?" वन्संनी विचारलं.

"होती. पडली वादळात."

"विहीर?"

"बुजली."

"माउलीचं नाक तुटलेलं होतं?"

आजोबांनी त्या उघड्या चौथऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तेही जरा अडखळले, पण हरले नाहीत. "शेवटी नाकच तेवढं राहिलं होतं, बाई. तेही गेलं."

आजोबांच्या कोयत्याने गुडघा कापून घेतला आणि चौथऱ्यावर ठेवला. आम्ही हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा आजोबांची शेळी गुडघा चाटत होती. आजोबा म्हणाले, "स्वीकारला."

ते पाटाचं पाणी बघायला गेल्यावर वन्सं एका पडलेल्या दगडावर बसल्या. शहाळं तसंच हातात होतं.

"सुधा, एक सांगू? मला हे चर्च सापडूच नये असं वाटतंय."

"का हो?"

"नवस फिटला की आई डोळे करून घेईल. डोळे आले की पहिल्यांदा काय बघेल? माझी चाल. गेली दहा वर्षं तिला दिसत नाही, म्हणून मी सुखात आहे. तिला वाटतं, नवस फेडला की पाय सरळ होईल. तो काही व्हायचा नाही. मग तिला वाटेल, आपण उशीर केला म्हणून झाला नाही. तेवढंच घेऊन बसेल."

इतकी वर्षं यांची थट्टा ऐकून मी हसत आले आणि आतलं हे कधी कळलं नाही, याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग परत फिरायचं का?"

"छे. डोळे महत्त्वाचे." त्यांनी शहाळं तोंडाला लावलं. "राहिलेला पाय घे. मांजरं येतील."

कोर्लई

साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की समुद्राच्या कडेकडेने रस्ता कोर्लईला जातो. समोर डोंगरावर किल्ला, खाली गाव, मधे होड्या. इथली ख्रिस्ती माणसं आपापसात जी बोली बोलतात ती मराठीही नाही आणि कोकणीही नाही. पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा मात्र इथे मासे वाळवत बसली. आमच्याशी ते मराठीतच बोलले आणि विचारायच्या आधीच सगळ्या खुणांना हो म्हणाले. चिंचेच्या जागी एकाने मला वड दाखवला.

माउलीच्या नाकाचा टवका मात्र इथे खरोखरच उडालेला होता. अगदी जरासा. मी वन्संचा हात दाबला.

फादर तरुण होते, गोव्याचे, नवीनच आलेले. त्यांनी आमच्या हातातलं पाऊल पाहिलं.

"बाकीचा पाय कुठे आहे?"

"मांडी उरणला, गुडघा रेवदंड्याला," मी सांगितलं.

फादर बाकावर बसले. "म्हणजे तुम्ही तीन चर्चना मिळून एक पाय दिला?"

"तुम्हीही एकच माउली तीन ठिकाणी ठेवली आहे," वन्सं म्हणाल्या. "आम्ही काय करणार?"

फादरना हसू आवरेना. मग त्यांनी पाऊल हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "याला मासळीचा वास येतो."

दाराशी उभी असलेली एक म्हातारी फणकारली, "फादर, वास तर आमाला सगल्यांनाच येतो. आमाला काय बाहेर काढनार हाव?"

पाऊल ठेवलं गेलं. फादरनी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. वन्संनी नमस्कार केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे घे. आता आईचे डोळे बघ. माझं राहू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी जास्वंदीच्या फुलाला पुसलं.

परत येताना सायकली एसटीच्या टपावर टाकल्या. पाय नसल्यामुळे कोणी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुन्हा चिंचेखाली

"फेडलात?" घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं.

"फेडला."

"समोर पाणी होतं?"

"सगळीकडे होतं."

"आणि नाक?"

"होतं तसंच," वन्सं दारातूनच म्हणाल्या आणि दारातच बसल्या.

सोमवारी सासूबाई निमूट गेल्या. एकापाठोपाठ एक दोन्ही डोळे झाले. मग पट्ट्या, मग काळा चष्मा, मग जखम भरेपर्यंतची वाट. त्या दिवसांत वन्सं यायच्या, पण सासूबाईंची दुपारची झोप लागली की. जाड भिंगांचा चष्मा तयार होऊन आला तेव्हा पाऊस संपून आश्विन लागला होता. चष्म्याची पेटी सासूबाईंनी पदराखाली धरली आणि उघडू देईनात.

"पहिल्यांदा माउलीला बघणार. मग तुमची तोंडं."

त्यांना कोर्लईपर्यंत नेणं शक्य नव्हतं. त्यातल्या त्यात जवळ उरण, म्हणून जीप ठरवली. वन्सं सायकलवरून येणार होत्या. "पायांनी," असं त्यांनी आईला पुन्हा ऐकवलं. जासईच्या नाक्यावर जीप थांबली तर हवालदार निराळा. मी चौकशी केली. आधीचे मागच्याच महिन्यात कराडला गेले म्हणाला. मी जीपमध्ये बसून हात जोडले.

चिंचेखाली सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. रोझीमावशींनी दार सताड उघडलं. मी चष्मा त्यांच्या कानांवर चढवला. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. त्यांनी चिंच पाहिली, विहीर पाहिली, पांढरी भिंत पाहिली, मग आत माउलीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ही ती नव्हे," त्या म्हणाल्या.

मी मावशींकडे बघितलं. मावशी विळी आणायला जावं की काय अशा उभ्या.

"अगदीच नव्हे. तिचा चेहरा लांबट होता. आणि चिंच उजव्या हाताला." त्यांनी हात जोडले. "असू दे. आलेच आहे तर हिलाही नमस्कार."

तेवढ्यात भरावाच्या रस्त्यावरून वन्संची सायकल येताना दिसली. ताठ बसलेल्या, जास्वंदीचा ड्रेस वाऱ्यावर फुगलेला, दोन्ही पाय सारखे, वरखाली, वरखाली. सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"कुशी आहे ना गं ती?"

"हो, आई."

"केस पांढरे झाले तिचे." मग थोड्या वेळाने, "सरळ आहे की गं पाय."

वन्सं आवारात शिरल्या. आईच्या डोळ्यांवर चष्मा आहे, आई आपल्याकडेच बघते आहे, हे त्यांना दिसलं. ब्रेकवर गेलेला हात त्यांनी काढून घेतला. त्या आमच्यासमोरून तशाच पुढे गेल्या, चर्चला वळसा घालून मागे दिसेनाशा झाल्या आणि दुसऱ्या बाजूने परत आल्या. उतरल्या नाहीत. पुन्हा वळसा घेतला. कोंबड्या फडफडत विहिरीवर चढल्या.

"काय करतेय ही?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रदक्षिणा घालताहेत," मी म्हटलं.

आणखी एक झाली, मग आणखी एक. तिथले फादर बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मावशींनी उगाच दोन मेणबत्त्या पेटवल्या. दरवेळी माझ्याजवळून जाताना वन्सं धापा टाकत पुटपुटायच्या, "सुधा, आईला आत ने ना! दमले मी!" मी सासूबाईंच्या खांद्याला हात लावला, "आई, आत चला, माउलीपाशी बसू." त्या हलल्या नाहीत. मान वळवून वळवून वन्संना बघत होत्या, चर्चमागे गेल्या की थांबायच्या आणि पुन्हा दिसल्या की भिंगांमागे डोळे भरून यायचे.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला, मिटला, पेटीत घातला आणि पेटीचं झाकण लावलं.

"सुधा," त्या हळूच म्हणाल्या, "उतर म्हणावं तिला आता. मी चष्मा काढलाय."